नवी पुडी

(खिडकीखाली टेबल. टेबलाच्या कडेला आवळलेला, गळ पकडून ठेवणारा छोटा शेगडा, शेजारी पाण्यानं भरलेला काचेचा वाडगा, पिसांची पाकिटं, रेशमाची रिळं: मासे धरायच्या गळावर पिसांची खोटी माशी बांधायचं सामान. खुर्चीत म्हातारा सासरा. सून आत्ताच बाहेरून आलीय. हातातली पिशवीही तिनं अजून खाली ठेवलेली नाही.)

बाबा : ते राहू दे सगळं. आधी इकडे ये आणि मला सांग, ही पुडी कुठली?

सून : कुठली म्हणजे? गळांची. कपाटात होती ती. तुम्ही कपाटात हात कशाला घातलात? मी येतच होते ना.

बाबा : तू येतच असतेस. ‘आलेच’ म्हणून जातेस आणि इकडे दूध उतू जाऊन शेगडी विझते. म्हटलं, मास्तर माशी न्यायला यायची वेळ झाली, आपणच तयारी करून ठेवू. उद्या नदी मासेमारीला उघडते.

सून : बोट बघू. रक्त आलंय.

बाबा : गळ टोचला. चाळीस वर्षं टोचतोय. विषय बदलू नकोस. पुडी नवी आहे ना?

सून : नवीच. बंद होती ना?

बाबा : होती की. चांगली चिकटवलेली होती. खळ लावून.

सून : मग झालं तर.

बाबा : गळाच्या कारखान्यात हल्ली गव्हाच्या पिठाची खळ लावतात होय?

सून : मला काय माहीत कारखान्यात काय लावतात. सरका जरा, पिसं उडतील. खिडकी लावते.

बाबा : खिडकी राहू दे. बस इथे. वरचे तीन गळ काढले, बोट फिरवलं. टोकाजवळचा उलटा काटा जागच्या जागी. टोचला, रक्त आलं, बरं वाटलं. म्हटलं, माल चांगला आहे. चौथा काढला. बोट सरळ गुळगुळीत गेलं. पाचवा, तसाच. सहावा, तसाच. मग सगळी पुडीच ताटलीत ओतली. वीस गळ. तीन काट्याचे, सतरा चेपलेले.

सून : हल्ली बिनकाट्याचेही येतात, बाबा. दुकानदार म्हणत होता.

बाबा : बिनकाट्याचा गळ वेगळा आणि काटा चेपलेला वेगळा. चेपलेल्याला बारीक उंचवटा राहतो, जखम भरल्यावर राहतो तसा. डोळ्यांपुढे धूर आहे माझ्या, हातही नाचतो, पण बोटाचं टोक अजून माझंच आहे. आता मला सांग. मासा नदीत परत सोडता यावा म्हणून आधी पकडीनं काटा चेपायचा आणि मगच माशी बांधायला घ्यायची, हा नियम या घरात कुणाचा?

सून : तुमचा.

बाबा : आणि चेपतं कोण?

सून : तुम्हीच. दुसऱ्याला हात लावू देता का?

बाबा : मग मी कधी न फोडलेल्या पुडीतले सतरा गळ आधीच चेपून कोण गेलं? भूत?

सून : मास्तर येतील. चहाचं आधण ठेवते.

बाबा : आधण गेलं खड्ड्यात! या एका गळाच्या डोळ्यात दोऱ्याचं टोक अडकलंय. नाकाशी धरलं. मेणाचा वास. मी घरी कढवतो त्या मेणाचा. मी आंधळा होत चाललोय सूनबाई, बावळट नाही. हा गळ एकदा माझ्या हातून गेलेला आहे.

सून : हो.

बाबा : कितीतले किती?

सून : वरचे तीन सोडून सगळे.

बाबा : वर ताजं, खाली शिळं. भाजीवालीकडून शिकलीस वाटतं. म्हणजे दुकानानं माझ्या माशा परत केल्या? माझ्या? आणि तू मला एका शब्दानं बोलली नाहीस?

सून : परत यायला त्या गेल्या कुठे होत्या?

बाबा : काय म्हणालीस?

सून : काही नाही.

बाबा : काही नाही कसं? दर आठवड्याला बारा बांधतो मी. मोजून बारा. डबीत ठेवतो. तू दुकानात देऊन येतेस.

सून : डबी देऊन येते. डबी तीच असते, बाबा. आतल्या माशा तुमच्या नसतात.

बाबा : मग कुणाच्या?

सून : माझ्या.

बाबा : तुला कुठे येतं बांधायला?

सून : बावीस वर्षं या टेबलाभोवती झाडू मारतेय मी. तुम्ही तुमच्या मुलाला शिकवत होतात तेव्हा तो खिडकीबाहेर बघत बसायचा आणि मी दारात भाजी निवडत ऐकायचे. ‘शेपटी गळाच्या दांड्याएवढीच, जास्त नको. अंगाला लव अशी लाव की आहे म्हणेपर्यंत नाही.’ त्याला नाही आलं, मला आलं. त्याला मी काय करू?

बाबा : कधीपासून?

सून : कशाला विचारताय?

बाबा : कधीपासून!

सून : दोन हिवाळे झाले. तो गेला त्याच्या पुढच्या महिन्यात दुकानदारानं एक अख्खी डबी परत दिली. म्हणाला, माशा पाण्यावर उभ्याच राहत नाहीत, कुशीवर पडतात. म्हाताऱ्याला सांग, हात आवरता घे. तुमचा मुलगा निघून गेला होता, अंथरुणातून उठून तुम्ही फक्त या खुर्चीत यायचात. ते मी तुम्हाला सांगणार होते? मी घरी आले. दुपारी तुमचा डोळा लागला, तेव्हा ब्लेड घेतलं आणि बाराही उसवल्या. त्याच गळांवर परत बांधल्या. दुसऱ्या दिवशी दिल्या. त्यानं वाडग्यात टाकून बघितल्या आणि ठेवून घेतल्या.

बाबा : एवढ्या एका वेळेला केलंस. समजलं. पण नंतर?

सून : नंतरही तेच. दर आठवड्याला. तुमचा डोळा लागला की.

बाबा : पण वाडगा! वाडग्यात प्रत्येक माशी सोडायचो मी. पाण्यातलं मला दिसत नाही म्हणून तुला विचारायचो. प्रत्येक वेळी तू म्हणायचीस, उभी राहिली.

सून : म्हणायचे.

बाबा : आणि?

सून : आडवी व्हायची. मग हळूहळू बुडायची. बोटानं उचलून मी पदराला टिपायचे आणि तुमच्या हातात द्यायचे.

बाबा : एकही नाही उभी राहिली?

सून : पहिल्या हिवाळ्यात पाच-सहा राहिल्या. नंतर नाही.

बाबा : ती दुकानदाराची चिठ्ठी. ‘उस्ताद, हात अजून तरुण आहे.’ तीनदा वाचून घेतली तुझ्याकडून. शेजाऱ्याला बोलावून ऐकवली.

सून : चिठ्ठी खरी होती. त्यानंच लिहिली होती.

बाबा : तुझ्या माशीवर.

सून : त्याला कुठे माहीत होतं तेव्हा.

बाबा : आणि मी म्हणत होतो, बघ सूनबाई, लोकांचा हात म्हातारपणी जातो, माझा म्हातारपणी बसला. तू ऐकून घेत होतीस. तोंड कुठे लपवत होतीस गं तेव्हा?

सून : शेगडीकडे.

बाबा : हे गळ मात्र उरले कसे? तू तर त्यांच्यावरच बांधायचीस ना?

सून : दुकानाला आता महिन्याला सहाच लागतात. माणसं यंत्रावरच्या घेतात, रंगीत, खोक्यात मिळतात त्या. तुमच्या आठवड्याला बारा होतात. मी उसवते, पण वर बांधून देऊ कुणाला? चेपलेले गळ डब्यात साठत गेले. आणि दुकानदारानं नव्या पुड्या मागवणं बंद केलं. म्हणाला, तुम्हा दोघांसाठी कुठे पार्सल मागवू? तुम्ही आज ना उद्या पुडी मागणार होतात. काल दुपारी भरली, चिकटवली. ही पहिलीच. काट्याचं डोक्यातच आलं नाही माझ्या. एवढं सगळं सांभाळलं आणि काट्यावर अडकले.

बाबा : चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक म्हणतात. तू चोरी शिकलीस पण माझं बोट विसरलीस.

सून : चोरी? मी चोरी केली?

बाबा : नाही तर काय? दोन वर्षं माझं काम चोरलंस. पिसं कुठे टाकायचीस? उसवलेली?

सून : खिडकीबाहेर. झाडून.

बाबा : म्हणून यंदा चिमण्या फार येतात खिडकीत. मी तुला म्हटलं होतं, बघ, चिमण्यांना आपलं घर आवडलं. घरट्याला नेत होत्या होय? उत्तम. म्हणजे दोन वर्षं मी चिमण्यांच्या पोरांची अंथरुणं शिवली.

सून : बाबा...

बाबा : हसतोय मी. तू का रडतेस?

सून : तुम्ही हसत नाही आहात. आणि मी रडायचं नाही तर काय करायचं? मलाही कंटाळा आला हो. तुमची एक माशी उसवायला माझ्या तीन बांधण्याइतका वेळ लागतो. हात थांबत नाही म्हणून तुम्ही गाठीवर गाठ मारता. एकेका माशीत वीस-वीस गाठी. मी ब्लेडचं टोक घालून एकेक गाठ कापते आणि मनात म्हणते, म्हातारा सकाळभर याच्यासाठी राबला. माझ्या नवऱ्यानं मला ब्लेड हातात देऊन यासाठी इथे ठेवलं का?

बाबा : तुझ्या नवऱ्यानं.

सून : तुमच्या मुलानं.

बाबा : जाताना काय म्हणाला तुला? मला कधी सांगितलं नाहीस.

सून : म्हणाला, मेलेल्या कोंबड्याच्या मानेच्या पिसांवर जन्म काढायचा नाही मला. म्हटलं, मी? म्हणाला, तुझं आणि बाबांचं बरं जमतं.

बाबा : नालायक. दार वाजलं?

सून : मास्तर असतील. बाबा, ऐका माझं. मी सांगते त्यांना, तुमच्या डोळ्याला धार लागलीय. परत पाठवते.

बाबा : गेल्या वर्षीसारखं?

सून : गेल्या वर्षी ते आलेच नव्हते.

बाबा : बघू. दार उघड. आणि तोंड पूस.

मास्तर : आहेत ना उस्ताद घरात? की ताप आहे यंदाही?

बाबा : ताप? कसला ताप, मास्तर?

मास्तर : अहो, गेल्या वर्षी नदी उघडायच्या आदल्या दिवशी नेहमीप्रमाणे आलो, तर सूनबाईनं दारातूनच सांगितलं, सडकून ताप आहे. माशी तेवढी कागदात गुंडाळून हातावर ठेवली. वीस वर्षांत पहिल्यांदा समोर बसून बांधून न घेता माशी नेली मी.

बाबा : आणि मला म्हणाली, मास्तर यंदा आलेच नाहीत. मी महिनाभर तुमच्यावर रुसून होतो. बसा. यंदा ताप नाही. समोर बसून बांधून देतो.

सून : मास्तर, त्यांना बरं नाहीये. खरंच.

मास्तर : काय झालंय? तुम्हा दोघांचे चेहरे असे का? मी चुकीच्या वेळी आलो का?

बाबा : अगदी बरोबर वेळी आलात. सूनबाई, ते तीन नवे गळ. त्यातला एक दे. पक्कड दे. हं. चेपला काटा, ऐकलात आवाज? हे अजून जमतं. जोर लागतो ना, बारकावा नाही. आता शेगड्यात धर.

सून : धरला.

बाबा : दोरा. आधी दांड्यावर दोऱ्याचं अंथरूण. डोळ्यापासून मागे, वेढ्याला वेढा चिकटून. मास्तर, काय म्हणत होतो मी तुम्हाला दरवर्षी?

मास्तर : की पाया कच्चा तर माशी गळावर फिरते.

बाबा : फिरते. बरोबर. शाळेत असता तर पहिला नंबर दिला असता. हं... हं...

मास्तर : उस्ताद, दोरा तुटला.

बाबा : जुना असेल. दुसरं रीळ दे.

सून : नवंच आहे, बाबा.

बाबा : दुसरं दे म्हटलं ना!

मास्तर : सावकाश होऊ द्या. मला घाई नाही.

बाबा : शेपटी. पिसाचे चारच ताठ केस, दांड्याएवढे. धर गं टोक. नको, तू नको धरूस. मी धरतो. आता अंग. सशाची लव, चिमटीत घेऊन दोऱ्याला वळायची. इतकी थोडी की वळणाऱ्यालाच वाटावं लावली की नाही.

मास्तर : जरा जास्त झाली का? मी आपला विचारतोय.

बाबा : झाली असेल. आता मानेचं पीस. कोंबडा म्हातारा हवा, मास्तर, तरुणाचं पीस मऊ, ते पाणी पितं. म्हाताऱ्याचं ताठ. म्हाताऱ्यालाच तरंगता येतं. हे पीस उभं गुंडाळायचं, गळाभोवती चार वेढे, म्हणजे केस चहूबाजूंनी ताठ उभे राहतात आणि माशी पाण्यावर त्या केसांच्या टोकांवर... कुठे गेलं टोक?

सून : मोडलं, बाबा. पीस मोडलं.

बाबा : दुसरं.

सून : हे घ्या.

बाबा : हेही मोडलं, नाही का?

सून : हो.

बाबा : जे राहिलंय त्यावर गाठ मारतो. एक. अजून एक. अजून... सुटत नाही ना आता? काढ शेगड्यातून. मास्तर, आता ही वाडग्यात सोडतो. तुम्ही बघून सांगा. सूनबाई, तू गप्प बसायचं.

मास्तर : उस्ताद, राहू द्या ना.

बाबा : सांगा मास्तर. जन्मभर पोरांना खरं बोला म्हणत आलात.

मास्तर : बुडाली.

बाबा : लगेच?

मास्तर : लगेच. वाडग्याच्या तळाला आहे.

बाबा : हं. बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी खरं सांगितलं. मास्तर, तुम्ही दोन वर्षं ज्या माशीवर मासे धरलेत ती माझी नव्हती. हिची होती. मला आज कळलं. तासापूर्वी.

मास्तर : मला ठाऊक होतं.

बाबा : तुम्हाला?

मास्तर : पहिली गोष्ट, तुम्ही डोक्याशी शेवटी एक वेढा जास्त द्यायचात. गरज नसायची, पण द्यायचात. वीस वर्षं तो वेढा मी भिंगाखाली बघत आलो. मग दुकानातून घेतलेल्या एका माशीवर तो नव्हता. तेव्हाच समजलो, बांधणारा हात बदलला.

बाबा : आणि दुसरी गोष्ट?

मास्तर : दुसरी राहू द्या.

बाबा : पहिली म्हटलंत म्हणजे दुसरी आहे. तुमची सवय मला माहीत आहे.

मास्तर : दुसरी गोष्ट... मासे जास्त लागायला लागले.

बाबा : वा.

मास्तर : तुम्हीच विचारलंत.

बाबा : विचारलं. म्हणजे दुकानदाराला ठाऊक, मास्तरांना ठाऊक, चिमण्यांना ठाऊक. नदीतल्या माशांनाही ठाऊक. सगळ्या जगाला कळलं होतं आणि मी एकटा इथे राजासारखा बसलेला. तुम्ही तरी बोलायचंत, मास्तर.

मास्तर : बोलणार होतो. गेल्या वर्षी त्यासाठीच आलो होतो दारात. पण हिनं माशी हातावर ठेवली आणि मी तोंड उघडायच्या आत दार लोटलं. म्हटलं, आपण कोण?

बाबा : सूनबाई, ये. बस.

सून : कुठे?

बाबा : या खुर्चीत. मी उठतो. उद्या नदी उघडते, मास्तरांना रिकाम्या हातानं पाठवायचं नसतं.

सून : मी नाही बसणार तिथे.

बाबा : दोन वर्षं बसतेसच की, माझा डोळा लागला की. आज मी जागा आहे एवढाच फरक. बस!

मास्तर : उस्ताद, असं नका बोलू तिला. तिनं तुमचं नाव राखलं.

बाबा : राखलं. नाव राखलं आणि माणूस काढून घेतला. मास्तर, मला राग नाही येत. राग आला असता तर बरं झालं असतं.  रोज सकाळी उठायचो तो या बारांसाठी. आता उद्या कशासाठी उठू, ते सांगा.

सून : काटा चेपला. बांधू का?

बाबा : बांध. मी बघत नाही, ऐकतो. हं. रीळ सरळ फिरतंय. शेपटी झाली?

सून : झाली.

बाबा : लव?

सून : लावली.

बाबा : इतक्यात? आता पीस. चार वेढे. पाचवा नको.

सून : चारच दिले, बाबा. गाठ मारते.

बाबा : किती?

सून : एकच.

बाबा : एक. सोड पाण्यात.

मास्तर : अहाहा. उभी आहे हो. अगदी टोकांवर. वाऱ्यानं फिरतेय, पण पडत नाही.

बाबा : तू सांग, सूनबाई.

सून : उभी राहिली, बाबा.

बाबा : ऐकलंत मास्तर? अगदी हाच आवाज. माझी बुडायची तेव्हाही अगदी असंच म्हणायची. ‘उभी राहिली, बाबा.’ खरं आणि खोटं एकाच सुरात. म्हणून तर मी फसलो. डोळे असते तरी काय, या आवाजापुढे कोण डोळे उघडणार होतं?

मास्तर : मी निघतो आता. सूनबाई, कागदात गुंडाळून दे. उस्ताद, येतो मी. पुढच्या वर्षी, गुडघ्यांनी साथ दिली तर.

बाबा : या. गुडघ्यांचं काही नाही, कुणाचे तरी उसने मिळतील. हल्ली सगळं मिळतं.

सून : पायरीशी सांभाळून, मास्तर.

मास्तर : हळू बोल, ऐकतील. तू खातेस का नीट? वाळलीस. तुझ्या माहेरी कुणी...?

सून : कुणी नाही. तुम्ही या, ऊन चढेल.

बाबा : गेले?

सून : गेले.

बाबा : माहेरचं विचारत होते?

सून : ऐकलंत?

बाबा : कान शाबूत आहेत. का नाही गेलीस गं? माझा पोरगा नाही, आणि मी असा. कोण अडवत होतं?

सून : जाणार कुठे? आणि गेले असते तर तुमच्या बारांचं काय झालं असतं?

बाबा : ती वाडग्यातली माझी कुठे आहे?

सून : तळाशी. काढते.

बाबा : दे हातात. गाठीच गाठी. धान्याचं पोतं शिवल्यासारखी. सूनबाई, दोन वर्षं, आठवड्याला बारा. हजारावर झाल्या असतील.

सून : मी मोजल्या नाहीत.

बाबा : एक तरी ठेवायचीस. पहिल्या हिवाळ्यातल्या त्या पाच-सहा, उभ्या राहिल्या होत्या म्हणतेस. त्यातली एखादी.

सून : त्या दिल्या की दुकानात. त्या कशाला उसवेन मी? त्या तुमच्याच गेल्या.

बाबा : गेल्या? खरंच गेल्या? की हाही तोच आवाज?

सून : आता काय सांगू तुम्हाला. काहीही म्हटलं तरी तुम्हाला तसंच ऐकू येणार.

बाबा : येणार खरं.

सून : जेवून घ्या. पान वाढते.

बाबा : भूक नाही. उद्या सकाळी मी काय करू, ते सांग. खिडकीत बसू? खिडकीत मला नुसता उजेड दिसतो. तुझ्या हाताखाली लव निवडू? माझ्या हातात लव ठेवली की घरभर होते. मास्तरांनी खरं सांगितलं, तेव्हा बरं वाटलं म्हणालो ना मी? ते घोटभरच पुरलं. आता नाही बरं वाटत. आता वाटतं, दार वाजलंच नसतं तर.

सून : पुडी मी चिकटवलीच नसती तर.

बाबा : चिकटवलीस ते बरोबर केलंस. चूक काट्यात झाली. इकडे ये, नीट ऐक. चेपलेले गळ तू सगळे तुझ्याकडे ठेव. तुझ्या सहांना पुरतील. मला एक पुडी आण, काट्याची, कुठूनही. एकच.

सून : एकीनं काय होणार?

बाबा : उद्यापासून मी काटा चेपणार नाही. तसाच बांधीन. तू उसव आणि काटा तसाच ठेवून पुडीत भर. म्हणजे बोट लावलं तरी मला टोचेल. माझी एखादी नदीवर जायची झालीच तर तिचा काटा तू चेप, मासा जखमी नको व्हायला.

सून : बाबा, असं कसं करू मी? तुम्हाला माहीत असताना?

बाबा : पहिले काही दिवस माहीत असेल. मग विसरेन. या वयात तेवढी एक सोय असते. खळ मात्र पातळ लाव. कारखान्यासारखी.

सून : नका ना असं बोलू.

बाबा : हात जोडू का तुझ्यापुढे? हा बघ, जोडतो. जोडलेलाही नाचतोच.

सून : नको. खाली घ्या हात. करते मी. तुम्ही म्हणाल तसं करते.

बाबा : तिसरा गळ राहिलाय ना, त्या तिघांतला? दे. शेगड्यात धर.

सून : आत्ता? जेवण?

बाबा : आत्ता. धरलास? थांब, बोट लावून बघू दे. आई गं. हं. आहे काटा. नवा आहे ना हा?

सून : नवा आहे, बाबा.

बाबा : हे खरं आहे, मला माहीत आहे. उद्यापासून विचारणार नाही.